समोर बसलेली गैरहजर

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी बी.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. झाशीत आमची मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, पण होती तेवढी सगळी गणपतीत जमली आणि मला शाल-श्रीफळ दिलं. निवेदन करणाऱ्या बाईंनी 'देशसेवेनंतर विद्येची सेवा' असं काहीतरी म्हटलं. मी शाल घेतली, नारळ घेतला, हसून फोटो काढून घेतला. माझ्याच वर्गातली, माझ्यासारखीच फौजेतून आलेली एक मुलगी त्या वेळी चिरगावपलीकडच्या एका गावात भावाच्या म्हशींसाठी चारा कापत होती. तिची डिग्री माझ्यामुळे गेली. त्या मांडवात हे फक्त मला आणि माझ्या वहिनीला ठाऊक होतं, आणि वहिनी टाळ्या वाजवत नव्हती.

मी हे माफी मागायला लिहीत नाही. मागायची तर तिच्याकडे मागायला हवी होती. तिच्या दारापर्यंत जाऊनही मी ती मागितली नाही.

मी सैन्यात नर्स होते. सैन्यातली बाई म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझ्या हातात तीस वर्षं थर्मामीटर, सुई आणि रिपोर्टबुक होतं. बारावीनंतर सैन्याच्याच नर्सिंग स्कूलमध्ये शिकले, डिप्लोमा मिळाला, खांद्यावर तारे आले आणि मेजर होऊन निवृत्त झाले. डिप्लोमा म्हणजे डिग्री नव्हे हे मला आधी माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान मुलींनी शिकवलं. त्या बी.एस्सी. होऊन आल्या, शिरेत सुई कशी घालायची ते माझ्याकडून शिकल्या आणि माझ्या पुढे निघून गेल्या. मग वहिनीनं शिकवलं. लग्न मी केलं नाही, म्हणून निवृत्तीनंतर दतिया गेटला भावाच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आले होते. भाच्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडची माणसं घर बघायला आली होती. त्यांनी विचारलं, घरात कोण काय शिकलंय? वहिनी म्हणाली, "हे एम.कॉम., मी बी.ए., मुलगा इंजिनियर. वन्सं सैन्यात मेजर होत्या, पण त्यांचं आपलं डिप्लोमाच." मी आठवडाभर खाली जेवायला गेले नाही. आठवडा संपल्यावर जवळच्या मुलींच्या कॉलेजात जाऊन बी.ए.चा फॉर्म भरला.

म्हणजे माझ्या शिक्षणाचं मूळ हे असं. ज्ञानाची तहान वगैरे काही नाही, नणंदेनं भावजयीवर धरलेला राग.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं नवीन प्राध्यापिका आली. मी त्यांना बसायला सांगितलं आणि पहिल्या बाकावर जाऊन स्वतःही बसले, तेव्हा मागे जी खसखस पिकली ती तीन वर्षं अधूनमधून पिकतच राहिली. आम्ही चौदा जणी होतो. बाकीच्या तेरा माझ्या नातींच्या वयाच्या, असत्या तर. त्यातल्या बारा जणी मला 'आंटी जी' म्हणायच्या.

तेरावी म्हणाली, "जय हिन्द, मैडम जी।"

टाचा जुळवून, हात मांडीला चिकटवून ती माझ्यासमोर उभी होती. उजवा पाय नीट सरळ होत नव्हता, पण ती तो सरळ करायला बघत होती. पायात काळे बूट, असे चकचकीत की मी आधी बूटच पाहिले. मिलिटरी पोलिसांत ज्या पहिल्या काही मुली जवान म्हणून घेतल्या, त्यांतली ही एक. ट्रकमधून उतरताना गुडघा गेला, दोन ऑपरेशनं झाली, मग मेडिकल बोर्ड बसलं आणि पंचविशी गाठायच्या आत तिला घरी पाठवलं. मी अफसर, ती जवान. फौज दोघींनीही सोडलेली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या दिवसापासून तिनं माझी पिशवी उचलली, माझ्यासमोर ती कधी बसली नाही आणि मी तिला कधी बस म्हटलं नाही.

मला ते आवडत होतं, हे इथेच सांगून टाकते. निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी उठून उभं राहणारं कुणी उरलं नव्हतं. भाचा तर मराठीत विचारलेल्याला मोबाइलवरून मान वर न करता हिंदीत उत्तर द्यायचा. आणि इथं एक मुलगी माझ्या नुसत्या खोकण्यावर ताठ होत होती.

बोलता बोलता तिच्या घरचं कळलं. वडील नव्हते. आई आणि ती भावाच्या घरात राहायच्या, आणि भावजयीनं आईची खाट भुसा साठवायच्या खोलीत टाकली होती. आईला खोकला होता. मी नर्स, सवयीनं चार प्रश्न विचारले. रात्री वाढतो का, छातीत शिटी वाजते का, खोलीबाहेर झोपली तर कमी होतो का. सगळ्याला हो. मी म्हटलं, "दमा है. भूसे की धूल से निकालो उन्हें, नहीं तो कितनी भी दवा दो, कुछ नहीं होगा।"

"निकाल रही हूँ, मैडम जी," ती म्हणाली.

तिचं सगळं ठरलेलं होतं. छावणीत मुलींची एक शाळा आहे, तिच्या हॉस्टेलला वॉर्डन हवी होती. बाई हवी, फौजेतली हवी आणि ग्रॅज्युएट हवी. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या आणि घरचं एक माणूस सोबत ठेवता येणार होतं. तिनं अर्ज केला होता, तिथल्या प्रिन्सिपल बाईंना ती पसंत पडली होती आणि त्यांनी तिच्या शेवटच्या परीक्षेच्या निकालापर्यंत जागा रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. त्यापुढे एक दिवसही नाही. त्या दोन खोल्या ती दोनदा बघून आली होती. बी.ए. झालं की जुलैमध्ये आईला घेऊन छावणीत. एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं आणि ते सगळं त्या एका वर्षावर टांगलेलं होतं. हे मला पूर्ण माहीत होतं. पुढे जे केलं ते माहीत असून केलं.

तिसऱ्या वर्षी आमचा पहिला तास सकाळी आठचा लागला, समाजशास्त्राचा. प्राध्यापक भला माणूस, पण सव्वाआठ-साडेआठच्या आत कधी उगवायचा नाही. एक दिवस त्यानं हजेरीचं रजिस्टर माझ्या बाकावर ठेवलं. "मेजर साहब, आपसे ज़्यादा भरोसे का कौन है? हाज़िरी आप ही ले लिया कीजिए।"

माकडाच्या हाती कोलीत दिलं म्हणतात, ते असं. मी घरी जाऊन रजिस्टरला खाकी कव्हर घातलं. हजर निळ्या शाईनं, गैरहजर लाल शाईनं. दिवसाच्या शेवटी सही, सहीखाली वेळ. एक घर मोकळं सोडायचं नाही, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येऊ नये. वॉर्डात आम्हाला शिकवत, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. मी त्याचं उलटंही खरं धरून बसले होते, की मी जे लिहीन तेच झालं.

आणि आठ म्हणजे आठ. फौजेत आठची परेड असली तर माणूस पाच मिनिटं आधी उभा असतो. आठला मी रजिस्टर उघडायचे, चौदा नावं घ्यायचे आणि बंद करायचे. त्यानंतर जी येईल ती गैरहजर. प्राध्यापक यायच्या आधी माझी हजेरी संपलेली असायची, याचं मला हसू आलं नाही, उलट ताठा आला.

चिरगावकडून येणारी तिची बस थंडी पडेपर्यंत वेळेवर येत होती. धुकं सुरू झालं तशी ती कानपूरच्या रस्त्यावर रांगत यायला लागली. बसस्टँडवरून ती मुलगी तो पाय ओढत येई तोवर आठ-दहा, आठ-बारा, कधी सव्वाआठ झालेले असत. ती दारात उभी राही. प्राध्यापकाचा पत्ता नसे. ती मला विचारी, "अंदर आ सकती हूँ, मैडम जी?" मी म्हणे, "आओ।" ती माझ्या मागच्या बाकावर बसे, पूर्ण तासभर भराभरा लिहून घेई, आणि माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढे लाल शाई असे.

एकदा एक मुलगी न राहवून म्हणाली, "आंटी जी, सर तो अभी आए भी नहीं।"

मी म्हटलं, "सर की हाज़िरी मैं नहीं लेती।"

वर्ग हसला. मलाही माझं वाक्य आवडलं. मागच्या बाकावरून फक्त वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आधीची बस पकड. ती म्हणाली, आधीच्या बसला आईचं करणं राहून जातं, भावजय हात लावत नाही. मी म्हटलं, मग चारला उठून कर. ती म्हणाली, "चार बजे ही उठती हूँ, मैडम जी।" आवाजात काही नव्हतं, पण मी ते उलट उत्तर धरलं आणि दोन दिवस तिला पिशवी उचलू दिली नाही. ती दोन दिवस माझ्या मागून चार पावलं अंतरावर रिकाम्या हातानं चालत आली. शिक्षा कशी करायची हे मला फार चांगलं येतं, आवाजसुद्धा चढवावा लागत नाही.

जानेवारीत माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी घरी होते. जाताना रजिस्टर कुणाकडे द्यायचं हा प्रश्नच नव्हता, फौजी माणूस वर्गात दुसरा होताच. मी रीतसर तिच्याकडे चार्ज दिला, कुठली शाई कशासाठी ते सांगितलं. परत आल्यावर रजिस्टर उघडलं. नऊही दिवस माझ्या नावापुढे लाल. ते बरोबरच होतं. आणि त्यांपैकी सात दिवस तिच्या स्वतःच्या नावापुढेही लाल. बस उशिरा आली होती. आठला कोण कोण होतं ते तिनं इतर मुलींना विचारून लिहिलं होतं आणि स्वतःला गैरहजर मांडलं होतं. पेन तिच्या हातात, रजिस्टर तिच्या ताब्यात, बघायला कुणी नाही, तरी.

दुसरी कुणी असती तर तिला त्या पानावर रडू आलं असतं. मी खूश झाले. मला वाटलं, पोरीला मी चांगलं घडवलं. मी म्हटलं, "शाबाश।" ती म्हणाली, "थैंक यू, मैडम जी।"

परीक्षेच्या आधी ऑफिसात यादी लागली. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर प्रवेशपत्र नाही. आमच्या वर्गातल्या सात जणी कमी भरल्या होत्या. त्या कॉलेजात अशी यादी आजवर कधी लागलीच नव्हती. दरवर्षी ऑफिसातले हेडक्लार्क, बडे बाबू, सगळ्यांना ऐंशी टक्के टाकून मोकळे व्हायचे. यंदा माझं खाकी कव्हर आड आलं. सातपैकी सहा जणी बसस्टँडजवळच्या एका डॉक्टरकडे जाऊन आल्या आणि एकाच आठवड्यात सहाही जणींना टायफॉइड होऊन गेल्याचे दाखले जमा झाले. राहिली एकटी ती. अकरा दिवस कमी पडत होते, आणि उशिरा आलेले दिवस तीसच्या वर होते.

तिनं दाखला आणायला नकार दिला. बडे बाबू मला येऊन म्हणाले, समजवा तिला, फौजीला फौजी समजावेल. मी विचारलं तर म्हणाली, "एक बार मेडिकल के काग़ज़ ने ही घर भेजा था, मैडम जी। वार्डन को फ़िट होना चाहिए। और मैं बीमार थी भी नहीं। मैं तो बैठी थी।"

मैं तो बैठी थी. एवढं एक वाक्य तिनं माझ्याविरुद्ध उच्चारलं असेल, तेही माझ्याविरुद्ध म्हणून नाही.

मग प्राध्यापकांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, नवीन रजिस्टर तयार करू, मी माझ्या हातानं लिहितो, मी सही करतो, तुम्हाला काही करायचं नाही. "आप बस मना मत कीजिए, मेजर साहब। लड़की तो क्लास में बैठती थी, मैंने खुद पढ़ाया है उसे।" माझी सही नको होती, माझं नाव नको होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात माझ्याकडे इतकं थोडं कुणी मागितलं नसेल.

मी म्हटलं, नवीन रजिस्टर निघालं तर मी विद्यापीठाला पत्र लिहीन आणि जुन्याची फोटोकॉपी जोडीन.

त्यांचा चेहरा उतरला. चहा त्यांनी तसाच ठेवला. मी माझा संपवला.

असं का केलं, याची मी पुष्कळ कारणं जमवून ठेवली आहेत. आई गेली तेव्हा माझा रजेचा अर्ज एक दिवस उशिरा पोहोचला म्हणून रजा नामंजूर झाली होती आणि आईचा दहावासुद्धा मला मिळाला नाही. माझ्यासाठी कुणी रजिस्टर बदललं नव्हतं. हे कारण ऐकायला चांगलं आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण मी स्वतःशी खोटं किती बोलू? खरं कारण हे, की ती पोरगी पंचवीस वर्षांची होती, तिनं गणवेश घालून हातात हत्यार धरलं होतं, तिला माझ्यासारखं डिप्लोमावर कुढत म्हातारं व्हायचं नव्हतं, आणि जुलैपासून ती कुणाची पिशवी उचलणार नव्हती. ती माझ्या हाताखालून निघून चालली होती. माझ्या हातात एक लाल पेन होतं, ते मी वापरलं.

दोन दिवसांनी दुपारी ती दतिया गेटला घरी आली. पहिल्यांदाच. वहिनीनं तिला बस म्हटलं, पाणी दिलं. मी जिन्यावरून खाली आले तशी ती ग्लास ठेवून उभी राहिली.

तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही. घरून पाठ करून आल्यासारखं एकच बोलली. "मैडम जी, एक रिक्वेस्ट है। जिस दिन मैं लेट थी, उस दिन लेट लिखा जा सकता है क्या? ग़ैरहाज़िर की जगह लेट। लेट का जो दंड हो, मैं भर दूँगी।"

इतकी सरळ मागणी होती. खोटं लिहा असं ती म्हणत नव्हती. जे खरं घडलं तेच लिहा म्हणत होती. खोटं माझं रजिस्टर होतं, इतक्या महिन्यांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि त्या दुपारी लक्षात आलं. आलं म्हणूनच मी चिडले.

मी म्हटलं, "फ़ौज में लेट नाम की चीज़ नहीं होती। या तो जवान है, या नहीं है।"

"जी, मैडम जी।"

मी तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "पहले घुटना, अब बस। हर बार कोई न कोई बहाना। तुम्हें लँगड़ाने की आदत पड़ गई है।"

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त उजवा पाय तिनं डाव्याला आणून भिडवला. तिला तो किती दुखला असेल ते मला नर्स म्हणून नेमकं सांगता येईल. म्हणाली, "जी, मैडम जी।" वहिनीकडे वळून नमस्कार केला आणि गेली. गल्लीच्या टोकापर्यंत ती लंगडली नाही. मी खिडकीतून बघत होते, लंगडते का ते.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं-माझं कधी पटलं नाही, पण त्या दिवशी ती भांडणाच्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, "वन्सं, पोर वर्गात बसलेली असायची ना?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही, वहिनी."

"नाही कळत," ती म्हणाली. "बी.ए.च आहे मी." आणि पाण्याचा ग्लास उचलून आत गेली.

परीक्षा झाली. बैठकव्यवस्थेत तिच्या क्रमांकाचा बाक माझ्या मागे होता. पाच दिवस तो रिकामा राहिला. मी एकदाही मागे वळले नाही, भरपूर पुरवण्या घेतल्या आणि समाजशास्त्रात वर्गात पहिली आले. दुर्बल घटकांच्या शिक्षणातील अडथळे, असा एक प्रश्न होता. मी सर्वांत चांगलं उत्तर त्याचंच लिहिलं.

निकालानंतर दहा-बारा दिवसांत छावणीतल्या त्या शाळेच्या प्रिन्सिपल बाईंचा फोन आला. एका मुलीसाठी जागा धरून ठेवली होती, म्हणाल्या, पण तिचं काही झालं नाही. तुम्ही फौजेतल्या, आता ग्रॅज्युएट, शिवाय मेजर. याल का? मी विचार करून सांगते म्हटलं. मी शपथेवर सांगते, रजिस्टर अडवलं तेव्हा ही जागा माझ्याकडे येईल असं माझ्या मनातही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो त्या मुलीचा नव्हता. भावजयीच्या घरात जेवायला खाली उतरायचं आता संपेल, हा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छावणीत जाऊन त्या खोल्या पाहून आले आणि तिसऱ्या दिवशी चिरगावची बस धरली. तिथून टेंपोनं गाव. का गेले? मी स्वतःला सांगत होते की तिला हे माझ्या तोंडून कळावं. खरं म्हणजे ती 'घ्या' म्हणेल असं मला वाटत होतं. म्हणजे मग प्रश्न मिटला.

ती अंगणात चारा कापत होती. मला पाहून कोयता खाली ठेवला आणि उभी राहिली. बूट नव्हते, रबरी चप्पल होती. मी एका दमात सांगितलं. हॉस्टेलची जागा मला देत आहेत.

तिनं ओढणीला हात पुसले. मग म्हणाली, "जी, मैडम जी।"

"तुम अगले साल फिर से..."

"भैया ने कॉलेज छुड़वा दिया," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

भुशाच्या खोलीच्या दारात खाटेवर तिची आई बसली होती. हाडांचा सापळा, डोळे मात्र हसरे. श्वासाची शिटी मला दहा पावलांवरून ऐकू आली. मी कोण ते कळताच तिनं मला खाटेवर बसवून घेतलं. "तुमई मेजर बाई हो? मोड़ी तुमाई भौत बातें करत ती।" तिची मोड़ी, म्हणजे मुलगी, माझ्याविषयी फार बोलायची. काय बोलायची असेल ते पुढच्याच वाक्यात कळलं. मेजर बाईंनी मला वेळ पाळायला शिकवलं, शिस्त शिकवली. आणि परीक्षा? "बस ने मारो हमें, बाई। रोज़ लेट।"

मुलीनं तिला सांगितलंच नव्हतं. मी सांगू शकत होते. खाट तीच, म्हातारीचा हात माझ्या हातावर, मुलगी आत. 'बस नव्हती, मी होते,' एवढे चार शब्द. मी तिच्या हाताची नाडी मोजत बसले.

चहा आला. मुलीनं आईला हळूच सांगितलं की ती जागा आता मॅडमना मिळाली आहे. म्हातारीनं ऐकून घेतलं. खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत आम्ही दोघी थांबलो. मग तिनं ओठ पुसून मला विचारलं,

"काय बाई, उते घाम आउत है?"

तिथे ऊन येतं का, असं ती विचारत होती. त्या खोल्यांविषयी वर्षभर ऐकलं असणार, हे एक विचारायचं राहून गेलं असणार. मी खोल्या पाहून आले होते. मी म्हटलं, "आता है, अम्मा। सुबह से ग्यारह बजे तक।"

"तब तो नोनो है," ती म्हणाली. चांगलं आहे. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमाई भी उमर भई। घाम में बैठियो।"

मुलीनं माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि टेंपोपर्यंत माझी पिशवी उचलून आली.

सोमवारी मी छावणीत राहायला गेले. खोल्या दोन आहेत, चांगल्या मोठ्या. माझी खाट मी खिडकीपाशी लावून घेतली.